सिरॉसिस असताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न : वडिलांचं वय ५८. ‘हिपॅटायटिस सी’मुळे त्यांना सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) झाला. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, विषाणू गेला, एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी) हीही नॉर्मल आहे. तरी डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी) करायला सांगतात. बाबा म्हणतात, काही होत नाही तर कशाला? — एक वाचक, सातारा

उत्तर : काही होत नाही तोवरच या तपासणीचा खरा उपयोग आहे. विषाणू गेला की यकृताच्या कर्करोगाचा धोका बराच उतरतो, पण संपत नाही. सिरॉसिसने यकृताची जी घडण बिघडली ती तशीच राहते आणि गाठ तिथेच धरते. एलएफटीवर विसंबू नका. दोन सेंटिमीटरच्या गाठीने त्यातला एसजीपीटी किंवा बिलिरुबिनचा आकडा हलतही नाही. पोटात दुखू लागलं, वजन उतरलं, तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

सहा महिनेच का, तर अशा गाठीचं आकारमान साधारण चार-सहा महिन्यांत दुप्पट होतं. तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ सुईने जाळता येते. यकृत प्रत्यारोपणासाठी सर्वमान्य मर्यादा म्हणजे एकच गाठ असल्यास पाच सेंटिमीटर, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत. वर्षभर थांबलात तर हे मार्ग हातचे जाऊ शकतात.

सोनोग्राफीला सहा तास उपाशीपोटी जा आणि चिठ्ठीवर ‘सिरॉसिस, यकृतात गाठ आहे का पाहणे’ असं स्पष्ट लिहून घ्या. जुने रिपोर्ट सोबत हवेतच, कारण गाठ नवी की जुनी हे त्यावरूनच कळतं. रिपोर्टमध्ये संपूर्ण यकृत नीट दिसलं का, हे वाचा. पोट सुटलेलं असेल, गॅस असेल तर उजवीकडचा, छातीच्या पडद्याखालचा भाग हमखास झाकला जातो. तशा रिपोर्टमधल्या ‘गाठ नाही’ला फारसा अर्थ नसतो. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर एमआरआय किंवा सीटीचं डॉक्टरांना विचारा.

एएफपी एकटी पुरत नाही. लहान गाठीत ती कित्येकदा नॉर्मल असते, आणि यकृताला सूज असेल तर गाठ नसतानाही वाढते. आकडा २० नॅनोग्रॅमच्या वर गेला किंवा दर खेपेस चढत राहिला, तर पुढची तपासणी हवी.

एक सेंटिमीटरहून लहान गाठ दिसली तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी. त्याहून मोठी असेल तर ट्रायफेजिक (तीन टप्प्यांतला) सीटी किंवा कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन केलेला) एमआरआय. इथे एक चूक वारंवार होते : साधा ‘पोटाचा सीटी’ केला जातो. धमनीतून औषध येताच गाठ उजळते आणि नंतरच्या टप्प्यात फिकी पडते, ही निदानाची खूण. एकाच टप्प्याच्या सीटीत ती सापडत नाही, मग खर्च दुप्पट. सिरॉसिसच्या रुग्णात ही खूण स्पष्ट असेल तर बहुधा बायोप्सी लागत नाही. कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या.

प्रश्न : मला ‘हिपॅटायटिस बी’ आहे, सिरॉसिस नाही. मीही हे करायचं का?

उत्तर : हा विषाणू सिरॉसिसशिवायही कर्करोग करू शकतो. आपल्याकडच्या पुरुषांनी चाळिशीनंतर आणि स्त्रियांनी पन्नाशीनंतर हीच तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला असेल तर त्याआधीच सुरुवात करा. गोळ्या चालू असल्या तरी ही तपासणी थांबवू नका.