चमक नाही म्हणजे ड्राय सोल्डर?

तुम्ही विचारलंय, लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेल्या, सोल्डरचे जॉइंट मळकट दिसतात म्हणजे ते ड्राय, म्हणजे नीट न धरलेले, का, आणि शिकायला कोणतं सोल्डर घ्यावं. पहिल्याचं उत्तर: नाही. ही समजूत ऐकली की मला राहवत नाही, कारण तिच्यापायी चांगले बोर्ड वाया जातात.

63/37, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं, बरोबर 183 अंश सेल्सिअसला वितळतं आणि तिथेच एकदम गोठतं. म्हणून तकाकी. सॅक305 या लेड-फ्री सोल्डरमध्ये 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. ते 217 ते 220 च्या दरम्यान वितळतं. निवताना कथिलाचे स्फटिक आधी तयार होतात, मधला द्रव मागाहून आकसतो, म्हणून वरून खरखरीत. जॉइंट पारखायचा तो कडेवर. सोल्डर पॅडवर, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, पसरून कडेला पातळ झालंय आणि पार्टच्या पायावर आत वळलेला उतार करून चढलंय, तर जॉइंट पक्का. मण्यासारखं गोल बसलंय, तर कितीही चमको, कच्चाच.

पण लोक चमक आणायला जातात. त्याच जागी पुन्हा बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचा तापणारा शेंडा, टेकवतात, जमलं नाही की 420 वर नेऊन पुन्हा. फ्लक्स, म्हणजे धातू साफ करून सोल्डर पसरू देणारा पदार्थ, पहिल्याच वेळी जळून गेलेला असतो, त्यामुळे बिट उचलताना सोल्डर ओढलं जाऊन टोक निघतं. ते टोक घालवायला पुन्हा बिट. इकडे पॅडखालचं इपॉक्सी मऊ पडतं, पॅडची एक कड उचलते, मग ट्रॅकसकट, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीसकट, सुटतो. खापर लेड-फ्रीवर!

बिट 350 ते 370 वर, पॅडच्या रुंदीची चपटी. पाय आणि पॅड एकदम तापवा, सेकंदाभराने सोल्डरची तार पॅडवर लावा, दोन-तीन सेकंदांत बाजूला व्हा. दुरुस्त करायचंच असेल तर आधी थोडा ताजा फ्लक्स. पाय ग्राउंड प्लेनला, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या मोठ्या थराला, जोडलेला असेल तर तापमान वाढवून भागत नाही, जाड बिट घ्या किंवा बोर्ड खालून 100 अंशांपर्यंत तापवा. आयर्न बंद करताना बिटवर सोल्डरचा थर राहू द्या. लेड-फ्री सोल्डर बिटचा लोखंडी मुलामा लवकर खातं.

शिकायला 63/37 घ्या, 0.7 मिमी, आत रोझिन (राळ) फ्लक्स असलेलं. धुरात शिसं नसतं, या तापमानाला त्याची वाफ होत नाही. धूर रोझिनचा, आणि त्यानेही दमा होतो, तेव्हा पंखा हवा. शिसं पोटात जातं ते हातांवरून, म्हणून खाण्याआधी साबणाने हात. घरात लहान मुलं असतील तर मात्र सरळ लेड-फ्री. युरोपीय संघात विकायचा माल असेल तर 1 जुलै 2006 पासून, काही अपवाद वगळता, शिसं चालतच नाही.

आणि 138 अंशांचं बिस्मथवालं सोल्डर शिशाच्या जॉइंटवर कधीही घालू नका. कथील, शिसं, बिस्मथ एकत्र आलं की 96 अंशांच्या आसपास वितळणारं मिश्रण होतं, आणि तापणाऱ्या पार्टचा पाय चालू सर्किटमध्येच ढिला पडू शकतो.