प्रसूती रजा आणि 31 मार्चचं कॉन्ट्रॅक्ट

प्रश्न: ताई, मी चाकणला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, तीन वर्षं झाली, पण परमनंट नाही, दर एप्रिलला नवीन कॉन्ट्रॅक्ट लेटर देतात. डॉक्टरांनी फेब्रुवारीची तारीख दिलीये. एचआरच्या मॅडम म्हणतात तुझं कॉन्ट्रॅक्ट 31 मार्चला संपतं, रजेचा पगार तिथपर्यंतच, त्यापेक्षा आत्ताच राजीनामा दे, बाळ मोठं झालं की बघू परत घ्यायचं. मॅडमना स्वतःला दोन मुलं आहेत हो! घरचे म्हणतायत, कशाला वाकड्यात शिरतेस. काय करू?

उत्तर: राजीनामा अजिबात लिहायचा नाही, बाकीचं नंतर बोलू. प्रसूती रजेवरच्या बाईला त्या काळात कामावरून काढता येत नाही, म्हणून तर तुमच्याच हातून लिहून घ्यायचं चाललंय, आणि एकदा 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून सही केलीत की पुढे कुठे दाद मागणं अवघड होऊन बसतं.

आता 31 मार्चचं. अगदी हीच केस सुप्रीम कोर्टात झालीये. दिल्लीच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉ. कविता यादव, कॉन्ट्रॅक्ट 11 जून 2017 ला संपणार, त्यांनी 1 जूनपासून रजा मागितली, तर हॉस्पिटलने मोजून 11 दिवस दिले. ऑगस्ट 2023 मध्ये कोर्टाने सांगितलं की कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी पूर्ण 26 आठवड्यांचे पैसे द्यावेच लागतील. मॅडमना हा निकाल मेलवर पाठवा. प्रसूती लाभाचा 1961 चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण 26 आठवडे तेच आणि अटही तीच, डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम. तुमची तर तीन वर्षं भरलीयेत.

तुम्ही पगार लिहिला नाहीये. पगारपत्रक काढून बघा, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के कापतात का. महिना 21,000 पर्यंत पगारवाल्यांचे कापतात, आणि तसं असेल तर रजेचे पैसे ईएसआयसी, म्हणजे त्या विम्याचं महामंडळ, देते, कंपनीच्या खिशातून जातच नाहीत, मग मॅडमना एवढी घाई कसली ते त्यांनाच विचारा. ईएसआय नसेल तर कंपनी देणार.

अर्ज लेखीच करा, रजा कधीपासून हवी ती तारीख घालून (डिलिव्हरीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात), सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा आणि पोच घ्या. डिलिव्हरीआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ मिळायला हवेत, तेही त्यातच मागा. मॅडम तोंडी काही बोलल्या की घरी येऊन लगेच मेल टाका, 'आज आपण असं म्हणालात'. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. नाहीच ऐकलं तर सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करा, ईएसआय असेल तर ईएसआयसीच्या शाखेत.

आणि घरच्यांना सांगा, वाकड्यात तुम्ही नाही, कंपनी शिरलीये. एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू करतील याची गॅरंटी मात्र मी देणार नाही, तो निकाल रजेच्या पैशांचा आहे, नोकरीचा नाही.

प्रश्न: माझा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. ऑफिसने सगळ्या सिक लीव्ह त्यात धरल्या. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा वेगळी असते. डिस्चार्ज कार्ड जोडून कापलेल्या सिक लीव्ह परत मागा. आणि हो, तब्येत सांभाळा, अर्ज आठवड्याने केलात तरी चालेल.