आधी अहवाल शेजारी ठेव

प्रिय,

अँटिबायोटिकना जिवाणू दाद देईनासे होतात, त्या प्रतिरोधावरच्या समितीवर तुझी नेमणूक झाली, छान झालं. डॉक्टर आणि पशुवैद्य एका टेबलाशी बसणार म्हणजे पहिल्या बैठकीत एकमेकांवर खापर फुटणार, हे धरून चाल. डॉक्टर म्हणतील, तुम्ही जनावरांना खाद्यातून अँटिबायोटिक चारता. पशुवैद्य म्हणतील, साध्या सर्दीला अँटिबायोटिक कोण लिहून देतं? खरं दोघांचंही आहे. त्यात बैठक घालवू नकोस.

त्यापेक्षा दोन्ही प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेव. दोन्हीकडे ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूपुढे 'रेझिस्टंट', म्हणजे औषधाला दाद न देणारा, असं लिहिलेलं असेल, पण तसं ठरवण्याची मर्यादा, म्हणजे कटऑफ, जनावरांसाठी आणि माणसांसाठी वेगळी असू शकते. म्हणून नुसतं 'एस' (औषध लागू) की 'आर' (रेझिस्टंट) नको. औषधाच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेला झोन किती मिलिमीटर आला, किंवा एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा किती, ते माग. मग नमुना कुणाचा ते विचार. रुग्णालयातला नमुना बरेचदा आधीची औषधं लागू न पडलेल्या रुग्णाचा असतो, कत्तलखान्यातला मात्र निरोगी जनावराचा. या दोन टक्केवाऱ्या एका आलेखात घातल्यास, तर भांडण तूच लावून दिलंस. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण डेन्मार्कनं १९९५ मध्ये 'डॅनमॅप' सुरू करून प्राणी, अन्न आणि माणसं यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, त्या अशाच चिकाटीवर.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं उदाहरण हाताशी ठेव. डॉक्टरांनी अगदी शेवटच्या उपायासाठी राखलेलं हे औषध चीनमध्ये डुकरांना वाढीसाठी दिलं जात होतं. २०१५ मध्ये तिथल्या डुकरांत, मांसात आणि रुग्णांत कोलिस्टिनला प्रतिरोध देणारं एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचं जाहीर झालं. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर, म्हणून एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारं. २०१७ मध्ये तो वापर बंद झाला आणि पुढे प्रतिरोधाचं प्रमाण डुकरांतही घटलं, माणसांतही.

मात्र बंदीचा आग्रह धरण्याआधी पशुवैद्यांना विचार: त्याऐवजी काय? डेन्मार्कमध्ये वाढीसाठीची औषधं थांबल्यावर दूध तुटलेल्या डुकराच्या पिल्लांची हगवण वाढली, उपचारासाठी औषधं जास्त लागली. लस, गोठ्याची स्वच्छता, झटपट तपासणी यांचा खर्च कुणी उचलायचा, हे ठरल्याशिवाय ठराव कागदावरच राहतो. सांडपाण्यातून पसरणाऱ्या प्रतिरोधाचा विषय पुढच्या बैठकीला घे, एकदम सगळं नको.

आणि इतिवृत्त पशुवैद्यांपैकी कुणाला तरी लिहू दे. आम्ही डॉक्टर समोरच्याचं ऐकतो खरं, पण लिहायला बसलो की आमचंच म्हणणं उतरतं.

तुझे,
सर