दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्या, मग ऊर्जा सारखीच का नाही?

तुम्ही विचारलंय की स्कूटरची बॅटरी 12 व्होल्टची आणि इन्व्हर्टरचीही 12 व्होल्टचीच, मग लाईट गेल्यावर स्कूटरच्या बॅटरीवर पंखा का चालू नये? नाशिकला सातपूरमध्ये मी बॅटरी-इन्व्हर्टरचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्होल्ट हा ऊर्जेचा साठा नाही, भाव आहे. लासलगावला कांद्याचा क्विंटलचा भाव कळला म्हणून पट्टी, म्हणजे हातात पडणारी रक्कम, किती येणार ते कळतं का? माल किती नेला तेही बघावं लागतं. तसंच इथं. विजेचा प्रभार (चार्ज) कूलोममध्ये मोजतात आणि ऊर्जा ज्यूलमध्ये. 12 व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे 12 ज्यूल. माल किती, ते बॅटरीवरचा अँपिअर-अवरचा आकडा सांगतो. एक अँपिअर-अवर म्हणजे 3600 कूलोम.

स्कूटरची बॅटरी 5 अँपिअर-अवरची धरा. 18,000 कूलोम, गुणिले 12, म्हणजे 2,16,000 ज्यूल. इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची असेल तर 64,80,000 ज्यूल, बिलाच्या भाषेत 1.8 युनिट. भाव एकच, माल तीसपट.

उलटंही होतं. निफाडच्या थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटका बसतो, तिथं हजारो व्होल्ट असतात. पण प्रभार इतका नगण्य की ऊर्जा जेमतेम काही मिलिज्यूल.

आता सर्किटमध्ये काय होतं? बल्ब करंट ‘खातो’ असं सर्रास म्हणतात, ते मला खटकतं. जितका प्रभार बल्बमध्ये शिरतो तितकाच बाहेर पडतो. मागे राहते ती ऊर्जा, उजेड आणि उष्णता होऊन. 12 व्होल्टवर दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावा आणि एकाच बल्बच्या दोन टोकांना व्होल्टमीटर धरा. 6 व्होल्ट दिसतील. प्रत्येक कूलोमने आपल्या 12 ज्यूलपैकी 6 तिथं दिले, उरलेले 6 दुसऱ्या बल्बला. हा प्रयोग घरी जरूर करा, पण बॅटरीवरच. घरातल्या 230 व्होल्टवर नको.

तुमच्या पंख्याचं म्हणाल, तर 75 वॉटचा पंखा सेकंदाला 75 ज्यूल घेतो. स्कूटरच्या बॅटरीचा हिशेब कागदावर 48 मिनिटांचा येतो. प्रत्यक्षात इन्व्हर्टर स्वतः थोडी ऊर्जा घेतो आणि झपाट्याने उपसली की लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, त्यामुळे वेळ त्याहून बराच कमी. शिवाय ती बॅटरी स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी बनवलेली असते. दोन-चारदा अशी पार रिकामी केलीत तर सकाळी स्कूटरला किकच मारावी लागेल.