"मूल नाही, मग आमचं लग्न अपुरं का?"

हा प्रश्न घेऊन येणारी जोडपी कमी नाहीत, पण या दोघांचं जरा वेगळं होतं म्हणून लिहितेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोघंही कॅथलिक, रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, न चुकवणारे. ती बोलणारी, तो एकदम गप्प. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "ताई, मी चर्चमध्ये खोटं बोलले का हो?"

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. लग्नविधीत वचन देण्याआधी फादर विचारतात ना, देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकाराल का, त्याला दोघांनी हो म्हणलेलं, आणि नऊ वर्षांत पाळणा हलला नाही. त्यात जवळच्याच कुणीतरी सुनावलं होतं की देवाने नर आणि नारी असा भेद केला तो मुलांसाठीच, तुमचं काय, नुसती सोबत.

सुनावणारे दुष्टच असतात असं नाही हं. 1917 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, लिहिलेलंच होतं की विवाहाचा मुख्य हेतू मुलं होणं नि त्यांना वाढवणं, एकमेकांना आधार वगैरे दुय्यम, त्या शिकवणीत वाढलेल्यांकडून ऐकलेले लोक तेच बोलणार. पण गंमत म्हणजे वंध्यत्वामुळे विवाहाला बाधा येत नाही हेही त्याच 1917 च्या कायद्यात होतं, ते मात्र कुणी सांगत नाही! 1983 च्या नव्या कायद्यात कलम 1055 मधून मुख्य-दुय्यम ही उतरंडच गेली, पतिपत्नीचं भलं आणि मुलं दोन्ही शेजारी शेजारी आले, आणि 1084 मध्ये वंध्यत्वाबद्दल परत तेच. (मुद्दाम लपवून फसवलं असेल तर गोष्ट वेगळी, इथे तसं काही नव्हतं.)

पण कलमं ऐकून कुणाचं रडू थांबलंय का कधी? तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. दुसऱ्या भेटीत बाहेर आलं. "मग मला बाई म्हणून केलंच कशाला?"

मी बायबल काढलं आणि उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय तिलाच मोठ्याने वाचायला लावले. पहिल्यात "फलद्रूप व्हा" आहे, ते मी झाकलं नाही. दुसऱ्यात मात्र देव म्हणतो की माणूस एकटा असावा हे बरं नाही, आणि बाई समोर आल्यावर आदाम जे बोलतो, हाडातलं हाड, मांसातलं मांस, त्यात मुलाचं नावच नाही. ती थांबली, वर गेली, पुन्हा वाचलं. पोप जॉन पॉल दुसरे 1979 ते 1984 बुधवारच्या सभांमध्ये शरीराच्या अर्थावर बोलत होते, त्याची सुरुवात याच पानांवरून झालेली. मला समजलं ते असं की पुरुषाचं शरीर एकटं बघून त्याचा पूर्ण अर्थ लागत नाही, बाईचंही तसंच, दोघांची घडणच अशी की स्वतःला द्यावं आणि समोरच्याला घ्यावं, मूल त्या देण्याघेण्यातूनच येतं, ते बाजूला काढता येत नाही, पण येतं ते दान म्हणून, आणि दानावर कुणाचा हक्क नसतो.

मग तिला म्हणलं, तो लग्नातला प्रश्न आठव. "स्वीकाराल का" विचारलंय, "द्याल का" नाही विचारलेलं. तू दार उघडं ठेवलंस, कुणी आलं नाही, यात खोटं कुठे आलं? वय झालेल्या जोडप्याचं लग्न असेल तर तो प्रश्न गाळायची मुभा विधीतच आहे, आणि त्यांचं लग्नही तेवढंच पक्कं असतं.

हे सगळं गोड वाटेल, पण तिसरी भेट गोड नव्हती. तो पहिल्यांदाच बोलला आणि चिडूनच बोलला, की टेस्ट ट्यूब बेबीला चर्च नाही म्हणतं, मग आम्हाला दान कसलं ऐकवता? बरोबर आहे त्याचं, 1987 च्या व्हॅटिकनच्या सूचनेत तसंच आहे, पतिपत्नीच्या मीलनाला हातभार लावणारे उपचार चालतात, त्याची जागा घेणारे नाहीत. मी कारण सांगितलं, मूल हे बनवायची वस्तू होऊ नये वगैरे, त्याला ते पटलं नाही आणि मी पटवतही बसले नाही, नऊ वर्षांचा राग एका दुपारी कसा जाईल.

चौथ्या भेटीत मात्र मी फारसं काही बोललेच नाही. मधेच ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुला आधी माहीत असतं तर केलं असतंस का माझ्याशी लग्न?" तो कितीतरी वेळ खाली फरशीकडे बघत होता, मला वाटलं आजही गप्पच बसतोय.

मग म्हणाला, "केलं असतं की. फादरांना तेवढा एक प्रश्न गाळायला सांगितलं असतं."