ड्यूटी शून्य झाली, मग गाडी आणि सुटे भाग तेवढे स्वस्त का झाले नाहीत?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एका देशाशी झालेल्या मुक्त व्यापार करारामुळे मोटारींवरची १०% ड्यूटी (आयातशुल्क) शून्य झाली, तरी डीलरने किंमत जेमतेम ३ टक्क्यांनी उतरवली, हा पहिला. त्याच देशातून मागवलेल्या ब्रेक पॅडच्या पार्सलवर कस्टम्सने पूर्ण ड्यूटी लावली, हा दुसरा. यात फसवणूक झाली का, असे तुम्ही विचारता. गाडीच्या बाबतीत बहुधा नाही. पॅडच्या बाबतीत कस्टम्सचे बहुधा बरोबर होते. मी बरीच वर्षे आयातीची कागदपत्रे करत आलो आहे आणि हे दोन्ही प्रश्न मला सारखे विचारले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडी. ड्यूटी शोरूममधल्या किमतीवर लागत नाही, आयातीच्या वेळच्या किमतीवर लागते. बहुतेक देशांत माल, विमा आणि जहाजभाडे मिळून ही किंमत धरतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश भाडे वगळतात. समजा ही किंमत १०० आहे. ड्यूटी १०. पुढे आयातदाराचा आणि डीलरचा खर्च येतो: बंदरापासूनची वाहतूक, तपासणी, वॉरंटीची तरतूद, जाहिरात, नफा. हे सगळे ४० धरू. झाले १५०. त्यावर विक्रीकर २०% धरला तर गिऱ्हाईक १८० मोजते. आता ड्यूटी काढून टाका: १४० आणि त्यावर कर, म्हणजे १६८. फरक १२ चा, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आत. डीलरने यातला अर्धा स्वतःकडे ठेवला की तुमचे ३% आले. अर्धा ठेवणे योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. पण '१०% गेले कुठे' या प्रश्नात मुळात १०% नव्हतेच.

शिवाय शून्य बहुतेकदा एका दिवसात येत नाही. युरोपीय संघ आणि जपान यांचा करार फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झाला, पण जपानी मोटारींवरची युरोपातली १०% ड्यूटी आठ समान टप्प्यांत उतरवायची ठरली. वरच्याच हिशेबात पहिल्या टप्प्याचे सव्वा टक्के घाला. गिऱ्हाइकाला मिळणारी सूट १ टक्क्यापेक्षाही कमी निघते. सुट्या भागांवरची ड्यूटी मात्र त्याच करारात बहुतांशी पहिल्या दिवशीच गेली. असे बऱ्याच करारांत दिसते. भाग स्वस्त झाले तर देशातल्या कारखान्यांनाही ते हवे असतात. तयार गाडी स्वस्त झाली की तेच कारखाने ओरडतात. म्हणून करार वाचताना मथळा सोडा आणि टप्प्यांचा तक्ता आधी उघडा. दक्षिण कोरियाच्या पिकअप ट्रकवरची अमेरिकेतली २५% ड्यूटी मूळ करारात कधीच संपायला हवी होती; २०१८ च्या फेरबदलात ती २०४१ पर्यंत लांबली. ही २५% ड्यूटी १९६४ पासूनची, कोंबडीच्या निर्यातीवरून युरोपशी झालेल्या भांडणातून आलेली. भांडण केव्हाच विसरले गेले, ड्यूटी राहिली.

कोट्याचीही अट असते. ब्रिटन-अमेरिका यांच्यात २०२५ मध्ये जे ठरले त्यात वर्षाला १ लाख ब्रिटिश गाड्यांनाच १० टक्क्यांचा दर आहे. कोटा संपल्यावर आलेली गाडी तीच, कंपनी तीच, पण दर वेगळा.

आता ब्रेक पॅड. इथेच लोकांचे सर्वात जास्त पैसे बुडतात, आणि तेही टाळता येण्यासारखे असताना. करारातली सवलत माल कुठून निघाला यावर मिळत नाही, तो कुठे *बनला* यावर मिळते. तुमचे खोके पुन्हा हातात घ्या. समोर मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव असेल, बाजूच्या पट्टीवर बारकोड, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'अमुक देशात निर्मित'. विकणारा करारातल्या देशात बसला आहे, पार्सलही तिथूनच निघाले, पण पॅड तिसऱ्याच देशात बनले असतील तर सवलत नाही. गोदामात ठेवून नवे लेबल लावल्याने मूळ देश बदलत नाही.

पॅड खरोखर त्याच देशात बनले असले तरी ते कशापासून बनले, हे पाहिले जाते. ब्रेकचा घर्षणाचा तुकडा सुटा असेल तर त्याचा एचएस कोड (माल ओळखायला देशोदेशीचे कस्टम्स वापरतात तो आकडा) ६८१३. तो पोलादी पट्टीवर बसवला की झाले पॅड, आणि कोड ८७०८.३०. काही करारांत बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा असा कोड बदलला की काम भागते, काहींत किमतीतला किती हिस्सा करारातल्या देशांचा आहे ते दाखवावे लागते. बरे, गाडीचा प्रत्येक भाग ८७०८ मध्ये येतो असेही नाही. पिस्टन ८४०९, फिल्टर ८४२१, दिवे ८५१२, टायर ४०११, पुढची काच ७००७. प्रत्येकाचा दर वेगळा आणि नियमही वेगळा. 'ऑटो पार्ट्स' एवढेच लिहिलेले इनव्हॉइस मी आता परतच पाठवतो.

अख्ख्या गाडीला तर नियम फार कडक असतात. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा यांच्या २०२० च्या करारात गाडीच्या किमतीचा ७५% हिस्सा त्या तीन देशांतला हवा. जुन्या करारात तो ६२.५% होता. त्यावर आणखी, प्रवासी गाडीच्या किमतीतला ४०% हिस्सा ताशी सरासरी किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून यायला हवा. एवढा हिशेब ठेवण्यापेक्षा अमेरिकेची नेहमीची २.५% ड्यूटी भरलेली परवडली, असे काही कंपन्यांना वाटले यात नवल नाही. सवलत मिळवण्याचा खर्च सवलतीपेक्षा मोठा झाला की करार कागदावरच राहतो.

तिसरी अट वाटेतली. एकदा क्लच किटचा माल मी सोडवत होतो. मूळ देश बरोबर, इनव्हॉइसवर उत्पत्तीचा जबाब (माल कोणत्या देशात बनला याचे लेखी निवेदन) बरोबर. पण मधल्या बंदरातल्या गोदामात कोणीतरी मोठी खोकी फोडून माल लहान खोक्यांत भरला होता. जुन्या टेपच्या कडा अजून दिसत होत्या. अधिकाऱ्याने एकच गोष्ट मागितली: माल मधल्या देशात कस्टम्सच्या ताब्यातच होता आणि बदलला गेला नाही, याचा कागद. तो माझ्याकडे नव्हता. पूर्ण ड्यूटी भरली. माल निघण्याआधी मी वाहतूकदाराला एक ईमेल करायला हवा होता, तो केला नव्हता. त्याची खंत आजही वाटते, कारण पैसे एका छोट्या गॅरेजवाल्याचे गेले.

जुनी गाडी मागवणाऱ्यांसाठीही हेच. चासी नंबरचे पहिले अक्षर J असेल तर जपान, K असेल तर कोरिया, W असेल तर जर्मनी, हा चांगला इशारा आहे, पण पुरावा नव्हे. पुरावा निर्यातदाराने द्यायचा असतो, आणि दहा वर्षांपूर्वीच्या गाडीसाठी निर्मात्याकडून तसे पत्र मिळेलच असे नाही. पैसे पाठवण्याआधी ते विचारा.

करार असूनही वरून दुसरा कर बसू शकतो, हेही धरून चाला. एप्रिल २०२५ पासून अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन आयात गाड्यांवर २५% जादा ड्यूटी लावली. दक्षिण कोरियाशी करार होता, तरी कोरियन गाड्या त्यातून सुटल्या नाहीत.

तुमच्या पॅडचे पैसे परत मिळण्याची वाट कदाचित अजून उघडी असेल. खोक्यावरचा निर्मितीचा देश करारातलाच असेल, तर विक्रेत्याकडून उत्पत्तीचा जबाब मागवा. काही करारांत तो ठरवून दिलेल्या शब्दांतच लागतो, तेव्हा तुमच्या करारात काय म्हटले आहे ते आधी पाहा. बऱ्याच करारांत आयातीनंतरही दावा करता येतो. अमेरिकेत त्याला एक वर्षाची मुदत आहे. मुदत आयातीच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळले त्या दिवसापासून नाही. तेव्हा आधी बिलावरची तारीख पाहा, आणि मग खोके आणि इनव्हॉइस यांचे फोटो इथे टाका. नाव-पत्ता झाकून टाका. कोड आणि नियम मी पाहून सांगतो.