आईच्या ट्रंकेतल्या पावत्या आणि हयात नसलेला नॉमिनी

तुम्ही लिहिलंय, आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत मुदत ठेवीच्या पावत्या सापडल्या, त्यांवर नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव आहे आणि वडीलही हयात नाहीत. वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे २०१९ मध्ये अगदी हेच झालं. मृत्यूचा दाखला, आधार, पॅन तुम्ही जमवलं असेलच, त्यावर लिहीत नाही.

आमची आई घरखर्चातून उरलेले पैसे तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवायची. भिशी लागली की त्यात भर, आणि दर दसऱ्याला बँकेत एक पावती. बाईच्या गाठीला चार पैसे हवेत आणि ते कुणाला कळू देऊ नयेत, ही तिला तिच्या आईची शिकवण. त्यातलं पहिलं मला आजही पटतं. दुसऱ्यानं घात केला.

बाबा २०१३ मध्ये गेले. बचत खात्यावरचं त्यांचं नाव कमी करायला मी आईला बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आपणहून विचारलं, "काकू, आणखी ठेवी आहेत का? नॉमिनी बदलून घेऊ." आईनं माझ्याकडे बघितलं, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि "नाही" म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत होता. पण पुण्याची एसटी गाठायची होती. बाईंनी पुढे केलेला फॉर्म मीच परत सरकवला. तिला दोन मिनिटं बाजूला घेऊन विचारलं असतं तर पुढचे चौदा महिने वाचले असते.

सात पावत्या, तीन लाख चाळीस हजार. शाखेचं नाव घेत नाही. साहेब म्हणाले, कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा. वकील झाला, पेपरात नोटीस झाली, तारखा झाल्या. प्रमाणपत्र हातात येईतो साहेबांची बदली झालेली. नवे म्हणाले, एवढ्या रकमेला इंडेम्निटी बॉण्डवर, म्हणजे पुढे दुसरा दावेदार निघाला तर भरपाई देऊ अशा हमीपत्रावर, भागलं असतं! वर पावतीवरचं नाव आधारशी जुळत नाही म्हणून आणखी एक अॅफिडेव्हिट. रिक्षाचे पैसे वाचवायला बाजारातून पायी येणाऱ्या बाईची ती पुंजी होती. अजून संताप होतो.

मी वकील नाही, आणि बँकेगणिक कागद बदलतात. तरी कोर्टाचं नाव निघालं की लगेच मान डोलावू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार वारसांत वाद नसेल, मृत्युपत्र नसेल, तर १५ लाखांपर्यंतच्या दाव्याला (सहकारी बँकेत ५ लाख) कोर्टाचं वारस प्रमाणपत्र लागू नये. भावंडांची ना-हरकत आधी घ्या. बँक नाही म्हणाली तर कारण लेखी मागा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

माझ्या बायकोचेही वेगळे पैसे आहेत, असावेतच. किती ते मी विचारत नाही. दसऱ्याला दोघं आपापल्या पावत्यांवरचं नॉमिनीचं नाव तेवढं तपासतो. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, तेही करून घ्या.

आणि एक. आईच्या आणखी पावत्या असतील असं वाटत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर तिचं नाव टाकून बघा. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी तिथे सापडतात. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही टाका.